जुन्या डॉस खेळांचं मिडी संगीत: सेटअपमध्ये नेमकं काय निवडायचं?

सदाशिव४८६

नमस्कार मंडळी. विंडोज १० च्या लॅपटॉपवर डॉसबॉक्स स्टेजिंग (जुने डॉस खेळ नव्या मशीनवर चालवणारा प्रोग्राम) टाकून जुने खेळ पुन्हा लावलेत. डूम, मंकी आयलंड २, ड्यून २, वुल्फेन्स्टाइन थ्रीडी आणि टाय फायटर. चालतात सगळे झकास, घोडं अडलंय ते संगीतापाशी.

पंच्याण्णव साली टिळक रोडच्या मागे ज्या क्लासला जायचो तिथल्या मशीनवर डूम ऐकलेलं आहे, तो आवाज कानात पक्का आहे. पण आता लोक 'रोलंडवर', म्हणजे रोलंड कंपनीच्या संगीतयंत्रावर, 'वाजवलेलं' म्हणून जे व्हिडिओ टाकतात ते ऐकल्यावर वाटलं की आपण तेव्हा निम्मंच संगीत ऐकलं होतं. म्हणून एक जीबीचा साउंडफाँट, म्हणजे वाद्यांच्या आवाजांचा संच, उतरवून घेतला. वर्णनात लिहिलं होतं की प्रत्येक वाद्य खऱ्या वाद्यावरून ध्वनिमुद्रित केलंय. आता परिस्थिती अशी:

डूममध्ये ड्रम कानठळ्या बसवतात आणि गिटार मागे कुठेतरी कुजबुजते. मंकी आयलंडला सेटअपमध्ये रोलंड निवडलं तर भलतीच वाद्यं वाजतात, चाल ओळखू येते पण तालवाद्याच्या जागी काहीतरी सुरेल वाजतंय असं वाटतं. वुल्फेन्स्टाइनमध्ये काहीही बदला, ढिम्म फरक नाही.

सर्वात चांगला साउंडफाँट कुठला? की मित्र म्हणतो तसं जपानहून खरं मॉड्यूल मागवल्याशिवाय काही खरं नाही? घरात आधीच एक सिंथ आहे, आणखी डबा आणायचा तर बायकोला कारण सांगावं लागेल, म्हणून नीट समजून घ्यायचंय.

डेव्हप्रेमी

प्रश्नात भर घालतो. डेंजरस डेव्हलाही चांगलं संगीत मिळेल का? आमच्या पिढीचा पहिला खेळ तोच.

काळी_चार

डेव्हला नाही मिळणार. त्याचा सगळा आवाज पीसी स्पीकरचा, मिडीचा त्यात संबंधच नाही. तो आहे तसाच ऐका.

सदाशिवराव, तो एक जीबीचा साउंडफाँट आधी बाजूला ठेवा. तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ एकाच ठिकाणी आहे.

मी कीबोर्डवाला माणूस. नव्वदच्या दशकात गणपतीतले ऑर्केस्ट्रा केले, मग एरंडवण्यात एका स्टुडिओत सीक्वेन्सिंग करायचो. तिथल्या रॅकमधलं रोलंडचं साउंड कॅनव्हास हे मिडी यंत्र स्टुडिओ बंद झाल्यावर मी विकत घेतलं, ते आजही नारायण पेठेत माझ्या टेबलावर चालू असतं. या विषयावर मी जरा जास्त लिहीन, कारण हे संगीत लोक चुकीच्या यंत्रावर ऐकतात आणि मग 'जुनं मिडी असंच टिनपाट असतं' म्हणून मोकळे होतात. ज्यांनी ते रचलं त्यांच्यावर तो अन्याय आहे.

मिडीत आवाज नसतो. कुठला सूर, कधी, किती जोरात, कुठल्या क्रमांकाच्या वाद्यावर, एवढ्याच सूचना असतात. एकच स्वरलिपी पेटीवर वाजवा आणि सनईवर वाजवा, तसं. तेव्हा साउंडफाँट 'सर्वात चांगला' कुठला याच्या आधी विचारायचं ते असं: हा खेळ रचताना संगीतकाराच्या समोर कुठलं यंत्र होतं? डॉसच्या खेळांपुरतं बघायचं तर बहुतेक वेळा उत्तर तिघांपैकी एक येतं.

पहिलं रोलंड एमटी-३२, साल १९८७. हे घरगुती संगीतकारांसाठी काढलेलं यंत्र, पण सिएरा कंपनीने १९८८ मध्ये किंग्ज क्वेस्ट ४ ला त्याचा आधार दिला आणि संगीत करायला विल्यम गोल्डस्टीन हे सिनेमा-टीव्हीत काम केलेले संगीतकार बसवले. पुढच्या वर्षी स्पेस क्वेस्ट ३ आला, त्याचं संगीत सुपरट्रॅम्प बँडच्या ड्रमरचं, बॉब सीबेनबर्गचं. पीसीवर तोपर्यंत चीं-चूं ऐकणाऱ्यांना हे काय वाटलं असेल विचार करा.

एमटी-३२ च्या आत काय चालतं ते कळलं की तुमची मंकी आयलंडची अडचण लगेच उलगडते. त्या काळी मेमरी महाग. म्हणून रोलंडने युक्ती केली: सुराचा आरंभ, म्हणजे तार छेडल्याचा किंवा फुंकर लागल्याचा तो पहिला क्षण, खऱ्या ध्वनिमुद्रणातून घ्यायचा आणि पुढचा लांबणारा भाग सिंथेसायझरने घडवायचा. कानाला वाद्य ओळखू येतं ते बरंचसं आरंभावरून, त्यामुळे हे जमतं. असे जास्तीत जास्त चार तुकडे जोडून एक स्वर बनतो, त्या तुकड्यांना पार्शियल म्हणतात, आणि सगळ्या यंत्रात मिळून ते ३२. चार-चार पार्शियलचे भरघोस स्वर वापरले तर एका वेळी आठच सूर वाजणार. संगीतकाराला प्रत्येक ठिकाणी ठरवावं लागायचं की इथे भरदार व्हायोलिन हवं की त्याच खर्चात दोन साधी वाद्यं हवीत. आम्ही स्टुडिओत हेच हिशेब करायचो, फक्त यंत्र वेगळं होतं.

आणि खरी मेख पुढे आहे. एमटी-३२ मध्ये स्वतःचे ६४ स्वर बाहेरून भरता येतात. सिएराचे खेळ सुरू होताना क्षणभर अडल्यासारखे थांबतात ना, तेव्हा ते आपले खास बनवलेले स्वर यंत्रात भरत असतात. यंत्राच्या वीस अक्षरी पडद्यावर संदेशसुद्धा पाठवतात, स्पेस क्वेस्ट ३ तिथे 'इन्सर्ट बकाझॉइड' असं लिहितो. हे स्वर त्या खेळाचे आणि त्याच यंत्राचे. ते कुठल्याही साउंडफाँटमध्ये असूच शकत नाहीत, मग तो एक जीबीचा असो की दहा. त्यात भर म्हणजे एमटी-३२ च्या वाद्यांचे क्रमांक नंतरच्या जनरल मिडी या प्रमाणाशी जुळत नाहीत. तुम्ही सेटअपमध्ये रोलंड निवडलंत, खेळाने एमटी-३२ च्या भाषेत हुकूम सोडले, आणि ते ऐकायला बसलं जनरल मिडीचं यंत्र. भलती वाद्यं वाजली नसती तरच नवल.

यावर उपाय मुंट. हे एमटी-३२ चं सॉफ्टवेअरमधलं रूप आणि ते डॉसबॉक्स स्टेजिंगमध्ये आधीच अंगभूत आहे. मूळ यंत्राची घडणच डिजिटल असल्यामुळे मुंट त्याच्या इतकं जवळ जातं की मी डोळे मिटून ऐकताना मुख्यतः खऱ्या यंत्राच्या मागच्या खरखरीवरून फरक ओळखतो, आणि ती खरखर नसलेलीच बरी. डॉसबॉक्सच्या सेटिंग्जच्या कॉन्फ फाइलमधल्या मिडी विभागात मिडीडिव्हाइसच्या ओळीत एमटी३२ लिहायचं. दोन रॉम फाइली (मूळ यंत्रातल्या चिपांच्या नकला) लागतात, एक कंट्रोल आणि एक पीसीएम. त्या रोलंडच्या मालकीच्या आहेत, त्यामुळे त्या कुठून आणायच्या यावर मी इथे लिहिणार नाही. सीएम-३२एल या पुढच्या मॉडेलच्या रॉम मिळाल्या तर त्या वापरा, त्यात ३३ जादा ध्वनिपरिणाम आहेत आणि काही खेळ त्यांचा वापर करतात.

दुसरं यंत्र माझं लाडकं, साउंड कॅनव्हास एससी-५५, साल १९९१. त्याच वर्षी जनरल मिडीचं प्रमाण ठरलं: १२८ वाद्यांचे क्रमांक पक्के, दहावा चॅनल तालवाद्यांचा. पण बघा, प्रमाणाने क्रमांक ठरवले, आवाज नाही ठरवला. ३१ नंबरवर डिस्टॉर्शन गिटार असेल एवढंच लिहिलंय. ती किती मोठ्याने, किती झटकन सुरू होईल, बासच्या वर राहील की खाली, हे ज्याने त्याने आपापलं ठरवायचं. आणि त्या काळातल्या खेळांचे बरेच संगीतकार रचना करायचे ते एससी-५५ वर. बॉबी प्रिन्सने डूमचं संगीत त्यावरच बेतलं.

आता तुमचा डूम घ्या. पहिल्या पातळीच्या सुरुवातीला खालच्या सुरांवर जी गिटार भराभर घासत जाते, ती एससी-५५ वर नाकातून बोलल्यासारखी, मधल्या पट्टीत दाटलेली आणि चक्क मोठी असते. एकटी ऐकली तर खऱ्या गिटारीसारखी अजिबात वाटत नाही. पण प्रत्येक सूर टोचून सुरू होतो आणि लगेच थांबतो, म्हणून त्या वेगातही प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. ड्रम तिच्या मागे बरोबर बसतात. तुमच्या मोठ्या साउंडफाँटमधली गिटार खरी आहे, तिला सुरू व्हायला वेळ लागतो, सुरांची शेपटं लांब आहेत, आणि ज्याने ड्रम मुद्रित केले त्याने ते रॉकच्या जोरात केलेत. प्रत्येक वाद्य उत्तम, एकत्र आल्यावर चिखल. ऑर्केस्ट्रातही हेच बघितलंय. नवा महागडा कीबोर्ड आणला की पहिल्या प्रयोगाला बासरी कुठे गेली कळायचं नाही, कारण सगळी गाणी जुन्या कीबोर्डच्या आवाजांवर बसवलेली.

म्हणून डूम, टाय फायटर, ड्यूक न्यूकेम थ्रीडी, डिसेंट, हे सगळं एससी-५५ च्या जितकं जवळ जाईल तितकं चांगलं. साउंडफाँटच वापरायचा तर जनरलयूझर जीएस घ्या. जेमतेम तीसेक एमबीचा आहे, फुकट आहे आणि वाद्यांचा आपसातला तोल फार समजून केलाय. एससी-५५ वरून सूर टिपून बनवलेले साउंडफाँटही फिरतात, काही बरे आहेत. साउंडफाँट वाजवणारं फ्लुइडसिंथ स्टेजिंगमध्येच असतं, फ्लुइडसिंथ विभागातल्या साउंडफाँटच्या ओळीत फाइलचा मार्ग द्या, झालं. याच्याही पुढे जायचं तर न्यूक्ड एससी-५५ आहे, त्यात यंत्राचा आतला प्रोसेसरच जसाच्या तसा चालवलाय. त्यालाही रॉम लागतात, आणि तो वेगळा प्रोग्राम म्हणून चालवायचा तर विंडोजवर लूपमिडीसारखी आभासी केबल मध्ये टाकावी लागते. माझ्या टेबलावरच्या यंत्राशी ताडून पाहिलं, मला समाधान वाटलं. जुन्या लॅपटॉपला मात्र तो घाम फोडतो.

काहीच निवडलं नाही तर विंडोज स्वतःचं मायक्रोसॉफ्ट जीएस वाजवतं. त्यातले आवाज रोलंडचेच परवान्यावर घेतलेले, पण सगळा संच चार एमबीहून लहान, रिव्हर्ब (घुमारा) नाही, आणि सूर उशिरा वाजतो. गोळी सुटते आणि संगीत मागून लंगडत येतं. ते टाळा.

तिसरं, अ‍ॅडलिब या साउंड कार्डावरचं, सूर स्वतःच घडवणारं यामाहा एफएम चिप, म्हणजे तुमच्या क्लासमधल्या साउंड कार्डावर संगीत वाजवत होतं तेच घराणं. वुल्फेन्स्टाइनचं संगीत फक्त त्याच्यासाठी आहे, म्हणून तिथे मिडीचं काही बदलून उपयोग होत नाही. आणि त्यात कमीपणा काही नाही. एफएमचा तो धातूचा, जरा घोगरा आवाज धरूनच ते रचलंय.

अंदाजासाठी सालाकडे बघा. १९९१-९२ पर्यंतचा खेळ आणि यादीत एमटी-३२ असेल तर तेच घ्या. १९९३ नंतरचा असेल तर जनरल मिडी किंवा साउंड कॅनव्हास. मिडीचा पोर्ट ३३०. आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात: सेटअपमध्ये संगीत आणि ध्वनिपरिणाम यांचे दोन वेगळे कप्पे असतात. संगीताला जनरल मिडी, परिणामांना साउंड ब्लास्टर (पत्ता २२०, आयआरक्यू ७, डीएमए १). दोन्हीकडे साउंड ब्लास्टर ठेवलं तर तुम्ही साउंडफाँट कितीही बदला, एफएमच ऐकत राहाल.

सदाशिव४८६

काका, दंडवत. वाचनखूण साठवली आहे.

प्रत्येक खेळाच्या फोल्डरमध्ये वेगळी कॉन्फ फाइल ठेवली. रॉमची सोय झाली. मंकी आयलंड २ मुंटवर लावला आणि वुडटिकमध्ये नुसताच फिरत बसलो. फळ्यांवरून चालत सुताराच्या दुकानात शिरलं की तीच चाल चालू राहते पण वाद्यं बदलतात, बाहेर आलं की पुन्हा पहिली. कुठे सांधा जाणवत नाही. हे मी अ‍ॅडलिबवर कधी लक्ष देऊन ऐकलंच नव्हतं. डूम जनरलयूझरवर सुटा सुटा ऐकू येतोय, गिटार पुढे आली.

आता दोन शंका. ड्यून २ १९९२ चा, त्याच्या सेटअपमध्ये एमटी-३२ पण आहे आणि जनरल मिडी पण. सालाचा नियम इथे कसा लावायचा? आणि टाय फायटरमध्ये संगीत इतकं मोठं झालंय की रेडिओवरचं बोलणं ऐकू येत नाही.

काळी_चार

वुडटिकचं बरोबर पकडलंत. ती लुकासआर्ट्सची आयम्यूज पद्धत, मायकल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी बांधलेली. खेळाडू कधी दार उघडेल हे कुणालाच माहीत नसतं, तरी संगीत योग्य मात्रेवर वळतं. मुद्रित संगीताला हे इतकं सहज जमत नाही, मिडीला जमतं, कारण तिथे वाजवणं खरोखर त्या क्षणी चाललेलं असतं. टाय फायटरमध्येही तीच पद्धत आहे, नवं जहाज रणात आलं की ऐका काय होतं ते. मंकी आयलंडसारखे खेळ स्कमव्हीएम या दुसऱ्या प्रोग्रामवर चालवायचे असतील तर त्यातही मुंट आहे. टाय फायटर मात्र डॉसबॉक्समध्येच.

ड्यून २ मध्ये दोन्ही खरे. खेळाच्या फाइलींमध्ये दोन यंत्रांसाठी संगीताच्या वेगळ्या आवृत्त्या आहेत, साउंड कॅनव्हासवाल्या फाइलींच्या नावाला सी५५ असं शेपूटच लावलंय. म्हणजे दुसरी आवृत्ती त्या यंत्रासाठी मुद्दाम बसवलेली आहे. दोन्ही ऐका. मला एमटी-३२ आवडतं, वाळवंटाला तो किंचित कृत्रिम, पोकळ आवाज शोभतो.

आवाजाच्या पातळीसाठी डॉसबॉक्सच्या प्रॉम्प्टवर 'मिक्सर' लिहून बघा. प्रत्येक चॅनलचं नाव आणि पातळी दिसते. फ्लुइडसिंथचा चॅनल साठ-सत्तर टक्क्यांवर आणा, साउंड ब्लास्टर शंभरवर ठेवा. जमलं की ती ओळ कॉन्फ फाइलच्या ऑटोएक्झेक विभागात टाकून द्या, दर वेळी लिहायला नको. आणि कृपा करून लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकून पातळी ठरवू नका, बास तिथे ऐकूच येत नाही. हेडफोन लावा.

पसोड्या_ओम

थोडं वेगळं. माझ्याकडे खरं जुनं ४८६ मशीन आहे, त्यामुळे मुंट त्याच मशीनवर चालवण्याचा प्रश्नच नाही. मी रास्पबेरी पाय ३ या छोट्या संगणकावर एमटी३२-पाय हा प्रोग्राम टाकला. कार्ड लावलं की लिनक्स वगैरे काही न चढता सरळ सिंथ म्हणूनच चालू होतं. आत मुंट आणि फ्लुइडसिंथ दोन्ही आहेत, बटणाने बदलता येतात. छोटा ओलेड पडदा जोडला की एमटी-३२ च्या पडद्यावरचे संदेश त्यावर दिसतात.

मिडी इनपुटचं सर्किट मी स्वतः जोडलं. पाच पिनांचं डिन सॉकेट, एक ऑप्टोकपलर, एक डायोड, दोन-तीन रेझिस्टर. सगळं सामान पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत आणि तापकीर गल्लीत मिळालं, फक्त ऑप्टोकपलर नावाने मागा. जुन्या मिडी सर्किटांत ६एन१३८ असतो, पण पाय ३.३ व्होल्टवर चालतं, तिथे एच११एल१ घ्या. आणि पायच्या हेडफोनच्या भोकातून आवाज घेऊ नका, फुसफुसतो. पीसीएम५१०२ चं छोटं डीएसी बोर्ड जोडलं की स्वच्छ.

गुरुवारी जायचं तर आधी फोन करा. लाईट गेलेली असली की माणूस माळ्यावरून माल काढून देत नाही.

खऱ्या मशीनवाल्यांसाठी आणखी एक. जुने बरेच खेळ एमपीयू-४०१ या रोलंडच्या मिडी जोडणीची 'इंटेलिजंट' पद्धत मागतात आणि नंतरच्या साउंड कार्डांत तिची फक्त साधी, यूएआरटी नावाची पद्धत असते. मग खेळ म्हणतो यंत्र सापडलं नाही. सॉफ्टएमपीयू हा छोटा प्रोग्राम आधी चढवा, तो मधली कसर भरून काढतो. त्यासाठी ३८६ किंवा वरचं मशीन हवं. डॉसबॉक्सवाल्यांना याची गरज नाही, तिथे इंटेलिजंट आधीच चालू असतं.

सदाशिव४८६

पसोड्या, फोटो टाक ना सर्किटचा. आणि काका, शेवटचं विचारतो. सगळं मनासारखं वाजतंय, तरी कधी खरं एमटी-३२ समोर आलंच तर घेताना काय बघायचं?

काळी_चार

मागे हेडफोनचं भोक आहे का ते बघा. नसेल तर पहिल्या पिढीचं. ते वेगवान मशीनवरून आलेले लांब संदेश पचवू शकत नाही, बफर भरला म्हणून पडद्यावर तक्रार करतं आणि स्वर अर्धवट भरले जातात. डॉसबॉक्समध्ये सिसएक्सना, म्हणजे या लांब संदेशांना, विलंब देण्याची सोय आहे, ती चालू केली की निभतं. सिएराचे अगदी सुरुवातीचे काही खेळ या जुन्या पिढीवरच नीट वाजतात, पण तुमच्या यादीत तसा एकही नाही. तुम्हाला भोकवालं किंवा सीएम-३२एल सोयीचं. सीएम-३२एल ला पडदा नाही, तेवढं लक्षात ठेवा.

विकणाऱ्यासमोर चालू करून घ्या. पडद्यावरची सगळी अक्षरं उमटतात का, आवाजाचा नॉब फिरवताना खरखरतो का, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी आवाज येतो का. अ‍ॅडाप्टर आपल्या २३० व्होल्टचा आहे की जपानी १०० चा हे लावायच्या आधी वाचा, जपानी असेल तर मध्ये ट्रान्सफॉर्मर हवाच. पोलॅरिटीही तपासा, रोलंडच्या बऱ्याच यंत्रांत मधली पिन ऋण असते.

आणि यूएसबी-मिडी केबल अगदी स्वस्तातली, नाव नसलेली घेऊ नका. सूर नीट वाजवतात त्या, पण लांब सिसएक्स संदेश मध्येच तोडतात, मग सिएराचा खेळ लावला की निम्मे स्वर भलतेच वाजतात आणि माणूस यंत्राला दोष देत बसतो. थोडी जास्त किंमत देऊन नावाजलेल्या कंपनीचा इंटरफेस घ्या. माझ्याकडे एक जादा आहे, नारायण पेठेत आलात तर आठवडाभर वापरून बघायला देतो.